कोऱ्या कागदावरची सही

‘त्यांना या बाबतीत कार्ट ब्लांश दिलेला आहे’ हे वाक्य सरकारी कचेरीत ज्याने कधी ऐकले नाही असा नोकर विरळा. एखादा अधिकारी नव्याने रुजू होतो, एखादे रखडलेले काम त्याच्याकडे सोपविले जाते, आणि वरिष्ठ मोठ्या औदार्याने हे शब्द उच्चारतात. ऐकणाराची मान ताठ होते. आम्ही कारकून मंडळी टिपणी लिहिताना त्याचेच ‘पूर्ण मुभा’, ‘मुक्तहस्त’ किंवा ‘सर्वाधिकार’ असे रूपांतर करतो आणि कागद पुढे सरकतो. या शब्दामागे पाचसहाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो फारसा सुखाचा नाही, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ते कळण्यास एक घरगुती म्हणावी अशी घटना कारण झाली. आधी ती सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझी बदली उत्तरेकडील एका शहरात झाली. भाषा नवी, थंडी नवी, माणसे नवी. कचेरीत वर्षअखेरची साठा-पडताळणी व्हावयाची होती आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना तातडीने बाहेरगावी जावयाचे होते. त्यांनी प्रमाणपत्राचे चार छापील नमुने माझ्यापुढे ठेवले. आकड्यांचे रकाने रिकामे होते. ‘तुम्ही सही करून ठेवा, आकडे मी आल्यावर भरतो, एकमेकांवर एवढाही विश्वास नसेल तर काम कसे चालायचे?’ असे ते म्हणाले. परप्रांतात एकट्या पडलेल्या माणसाला ‘विश्वास’ हा शब्द फार लौकर जिंकतो. मी सही केली. चौदा महिन्यांनी माझ्या टेबलावर एक ज्ञापन आले. प्रमाणपत्रात २४ लोखंडी कपाटे दाखविली होती आणि प्रत्यक्षात १९ भरत होती. सही माझी होती; आकडे कोणी भरले हे विचारण्याचे कोणालाच कारण नव्हते. लेखी ताकीद मिळून प्रकरण मिटले, परंतु त्या दिवसांत झोप गेली ती गेलीच. पुढे रिकाम्या वेळी मी या ‘कार्ट ब्लांश’चे मूळ शोधू लागलो, आणि असे आढळले की मी केली ती चूक राजांनी, बादशहांनी आणि लोकसभांनीही केलेली आहे.

शब्द फ्रेंच आहे. ‘कार्ट’ म्हणजे कागद, ‘ब्लांश’ म्हणजे पांढरा. पांढरा, कोरा कागद एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांनी तो जसाच्या तसा उचलला. आज त्याचा अर्थ आपण ‘हवे ते करण्याची मोकळीक’ असा करतो. पण आरंभीच्या काळी तो रणांगणावरचा शब्द होता. पराभूत पक्षाने तळाशी सही करून कोरा कागद विजेत्याकडे पाठवावयाचा. वरच्या रिकाम्या जागेत विजेत्याने हव्या त्या अटी लिहाव्या, त्या मान्य आहेतच, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण अधिकार सुचवितो, तो मूळचा शरणागतीचा शब्द आहे. कागद एकच, घेणाराच्या हाती तो स्वातंत्र्य होतो आणि देणाराच्या बाजूने ती हतबलता असते. काळाच्या ओघात इंग्रजीने घेणाराची बाजू तेवढी लक्षात ठेवली आणि देणाराची बाजू विसरून टाकली. या लेखात मला त्या विसरलेल्या बाजूबद्दलच बोलावयाचे आहे.

येथे एका भेदाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. इंग्रजीत याच अर्थाचा दुसरा वाक्प्रचार आहे, ‘फ्री रेन’, म्हणजे सैल सोडलेला लगाम. गंमत अशी की राज्य करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चारही ‘रेन’ असाच होतो. त्यामुळे आज पुष्कळ इंग्रज आणि अमेरिकन लोक लगामाच्या जागी राज्याचे स्पेलिंग लिहून मोकळे होतात. घोडा नाहीसा झाला आणि लगामाचे राज्य झाले! परंतु मूळ कल्पना मार्मिक आहे. लगाम सैल सोडणारा स्वार खाली उतरलेला नसतो. तो पाठीवर बसलेलाच असतो, लगाम त्याच्या हातातच असतो, आणि पुढे दरी दिसली तर तो खेचता येतो. कोऱ्या कागदावर सही करणाराचे तसे नाही. कागद त्याच्या हातून सुटला की सुटला. आपल्याकडील ‘मोकळे रान’ किंवा ‘मोकाट सोडणे’ या शब्दप्रयोगांतही गुराखी कोठे तरी असतोच. संध्याकाळी गुरे परत आणण्याची त्याची जबाबदारी संपत नाही. कोऱ्या कागदात तो गुराखीच नाही. हे शब्द समानार्थी म्हणून कोशांत शेजारी शेजारी नांदत असले, तरी व्यवहारात त्यांच्यात दोन ध्रुवांचे अंतर आहे.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडच्या इतिहासात कोऱ्या कागदांचे सर्वांत कुप्रसिद्ध प्रकरण दुसऱ्या रिचर्ड राजाचे. हा राजा लहानपणी गादीवर आला. ऐन तारुण्यात, १३८७-८८ साली, काही बलाढ्य सरदारांनी त्याला नमवून त्याचे मर्जीतले लोक संपविले. राजाने तो अपमान दहा वर्षे पोटात ठेवला आणि १३९७ साली त्याचा सूड उगविला. पण सूड उगविल्यावर मनाला स्वस्थता येते असे थोडेच आहे? त्यावेळी त्या सरदारांच्या पाठीशी लंडन आणि आसपासचे परगणे होते, ही आठवण त्याला छळू लागली. मग त्याने या परगण्यांकडून मोहोरबंद कोरी पत्रे लिहवून घेतली. ‘लिहवून’ हा शब्दही बरोबर नाही, कारण त्यांवर लिहिलेले असे काहीच नव्हते. खाली प्रतिष्ठित नागरिकांच्या मोहोरा तेवढ्या होत्या. आपल्या जीविताचे आणि मालमत्तेचे काय करावयाचे ते राजाने वरच्या जागेत केव्हाही भरावे, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि तो चुकीचा नव्हता.

राजाची समजूत अशी की कोरा कागद हाती असला की प्रजा मुठीत राहील. झाले उलट. कागदावर काही लिहिलेले असते तर लोकांना त्यापुरती भीती वाटली असती. काहीच लिहिलेले नव्हते म्हणून प्रत्येकाने आपल्या मनातली सर्वांत मोठी भीती त्यावर वाचली. १३९९ साली हेन्री बॉलिंगब्रोक थोड्या लोकांनिशी किनाऱ्यावर उतरला तेव्हा राजासाठी तलवार उपसण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी रिचर्डला पदच्युत करण्यात आले आणि नव्या राजाने ती कोरी पत्रे नष्ट करविली. दोनशे वर्षांनी शेक्सपियरने या राजावर नाटक लिहिले, त्यातही या कोऱ्या सनदांचा उल्लेख येतो. इतकी ती आठवण लोकांच्या मनात रुतून बसली होती.

याच देशातील दुसरी गोष्ट कोऱ्या कागदाच्या दुसऱ्या टोकाची आहे. १६४९ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्स राजावर पार्लमेंटने खटला चालविला. राजपुत्र त्यावेळी हॉलंडमध्ये होता. वडिलांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने खाली सही व मोहोर केलेला एक कोरा कागद पार्लमेंटकडे पाठविला, हव्या त्या अटी लिहून घ्या पण राजाला सोडा, अशी एक परंपरा सांगतात. ही परंपरा पुराव्याने पूर्ण सिद्ध झालेली नाही. पण ती इतकी वर्षे टिकली याचे कारण तीत एक माणुसकीचे सत्य आहे. येथे कागद देणारा मूर्ख नव्हता, तो मुलगा होता. ज्याच्याजवळ देण्यासारखे दुसरे काहीच उरलेले नाही, तो अखेर कोरा कागद देतो. त्याचा उपयोग झाला नाही. ३० जानेवारी रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. बलवानाला दुर्बलाच्या सहीची गरजच भासत नाही, हा या कथेचा कडू अर्थ.

फ्रान्समध्ये हा कोरेपणा राज्यकारभाराचा नित्य भाग झाला. तेथे ‘लेत्र द काशे’ नावाची राजाची बंद आज्ञापत्रे असत. त्यांवर राजाची सही, मंत्र्याची प्रतिसही आणि मोहोर असे. अशा पत्राने कोणालाही खटल्यावाचून तुरुंगात किंवा मठात डांबता येई, आणि किती दिवस ते सांगण्याचे बंधन नसे. अठराव्या शतकात यांपैकी काही पत्रे नावाची जागा कोरी ठेवून अधिकाऱ्यांच्या हाती असत. नाव मागाहून भरावयाचे. मौज अशी की या पत्रांचा उपयोग केवळ राजद्रोह्यांवर होत नसे. घरचा मुलगा उधळ्या निघाला, मुलीने भलत्याशीच लग्न करावयाचे ठरविले, की प्रतिष्ठित कुटुंबातील वडीलधारी माणसेच अर्ज करून असे पत्र मिळवीत. पुढे क्रांतीचा वक्ता म्हणून गाजलेला मिराबो हा असाच आपल्या वडिलांच्या अर्जावरून व्हँसेनच्या किल्ल्यात पडला होता. तुरुंगातून सुटल्यावर १७८२ साली त्याने या पत्रांविरुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७९० साली क्रांतिकारक सभेने ती प्रथाच बंद केली. ज्या राजाच्या नावाने ही पत्रे निघत, त्याला त्यांपैकी बहुतेक कैद्यांची नावेही ठाऊक नसत. पण लोकांनी जाब विचारला तो नाव भरणाऱ्या कारकुनाला नव्हे, सही ज्याची होती त्याला.

हे सारे जुने झाले, आता असे कोण करतो, असे कोणी म्हणेल. म्हणून विसाव्या शतकातील उदाहरण घेतो. या शतकाने कोऱ्या कागदाच्या जागी ‘ब्लँक चेक’, म्हणजे कोरा धनादेश आणला; पेढीवरची उपमा आली, पण आशय तोच. इतिहासात ‘ब्लँक चेक’ म्हटले की १९१४ च्या जुलै महिन्यातील एकच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी यांचा खून झाला. ऑस्ट्रियाला सर्बियाचा काटा काढावयाचा होता, पण सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. जर्मनीच्या पाठिंब्यावाचून पाऊल उचलणे शक्य नव्हते. म्हणून काउंट होयोस सम्राटाचे पत्र घेऊन बर्लिनला आला आणि ५ जुलै रोजी ऑस्ट्रियाचा वृद्ध राजदूत सॉजेनी याने ते पॉट्सडॅम येथे कैसर विल्हेल्मच्या हाती दिले. कैसरने पत्र वाचले. प्रथम तो सावध होता. युरोपात गंभीर गुंतागुंत होण्याचा संभव आहे, चॅन्सेलरशी बोलल्यावाचून निश्चित उत्तर देता येणार नाही, असे त्याने सांगितले. मग भोजन झाले. भोजनोत्तर त्याचा सूर पालटला. जर्मनीच्या पूर्ण पाठिंब्यावर ऑस्ट्रियाने विसंबावे आणि करावयाचे ते लौकर करावे, असे आश्वासन त्याने दिले. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान होल्वेग याने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि कैसर नॉर्वेच्या समुद्रात नेहमीच्या जलविहारासाठी निघून गेला.

या आश्वासनात काय नव्हते ते पाहा. ऑस्ट्रियाने नेमके काय करावे हे त्यात नव्हते. किती करावे, कोठे थांबावे, पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे की नाही, हेही नव्हते. इतिहासकारांनी त्याला मागाहून कोरा धनादेश म्हटले ते याचसाठी. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत देणारा खलिता धाडला. सर्बियाचे उत्तर बरेच नमते होते. समुद्रावरून परतलेल्या कैसरने ते २८ जुलैच्या सकाळी वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने बेलग्रेड तेवढे तारण म्हणून ताब्यात घ्यावे आणि थांबावे, असेही त्याने सुचविले. धनादेशावर रक्कम घालण्याचा तो प्रयत्न होता. पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. धनादेश वटविला गेला होता. आठवड्याभरात रशिया, जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन रणात उतरले.

जबाबदारी कोणाच्या माथी आली? ज्या ऑस्ट्रियाने आकडा भरला ते साम्राज्य तर युद्धाअखेरीस नकाशावरूनच पुसले गेले. राहिला सही करणारा. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये कैसरला हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तो मायदेशी परतला नाही. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने युद्धातील हानीची जबाबदारी जर्मनीच्या आणि तिच्या मित्रांच्या माथी ठेवली. त्या युद्धाचा दोष एकट्या जर्मनीचा की सर्वांचा, हा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही आणि तो मिटविणे माझ्या आवाक्यातले नाही. परंतु ५ जुलैच्या दुपारी एक मर्यादा घालता आली असती आणि ती घातली गेली नाही, एवढे निर्विवाद आहे.

आणि या धनादेशाची रक्कम केवळ युरोपाने भरली नाही. ब्रिटन युद्धात उतरताच हिंदुस्थानही न विचारता युद्धात ओढला गेला. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले आणि त्यांतील सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. डिसेंबर १९१५ पासून जवळ जवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शस्त्रे खाली ठेवावी लागली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांतील असंख्य वाळवंटातील कूच करताना व छावण्यांत मेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात त्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पॉट्सडॅम नावाचे गाव जगात आहे हे त्या शेतकऱ्यांच्या पोरांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोऱ्या कागदाचा खरा भार पुष्कळदा असा तिसऱ्यावरच पडतो. ना देणाऱ्यावर, ना घेणाऱ्यावर.

राजे गेले, लोकशाही आली, तरी कोरा कागद गेला नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या. त्यांपैकी दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे आता मानले जाते. परंतु ७ ऑगस्ट रोजी अमेरिकन काँग्रेसने आग्नेय आशियात आवश्यक ती सर्व पावले उचलण्याची मुभा अध्यक्ष जॉन्सन यांना दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशी मते पडली. विरोध करणारे दोघे म्हणजे मोर्स आणि ग्रुएनिंग. पुढल्या निवडणुकीत, १९६८ साली, दोघेही आपल्या जागा गमावून बसले. ज्या लोकप्रतिनिधींनी त्या दिवशी सही केली त्यांतील अनेकांनी पुढे आपल्याला एवढ्या मोठ्या युद्धाची कल्पना नव्हती असे सांगितले, आणि ते खरेही असेल. जानेवारी १९७१ मध्ये तो ठराव रद्द झाला, पण युद्ध त्यानंतरही चालले. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामी किती मेले त्याची मोजणी लाखांत करावी लागते.

येथवर आल्यावर मनात साहजिकच प्रश्न येतो की आपल्या पूर्वजांनी या कोरेपणाचा विचार केला होता काय? केला होता, आणि तो त्यांच्या दप्तरांत आजही दिसतो. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपे तेथे आणखी एक लहान शिक्का उठविला जाई. त्यालाच मोर्तब म्हणत. त्यावरील अक्षरे होती ‘मर्यादेयं विराजते’. येथे मर्यादा शोभते, असा त्याचा अर्थ. पेशवाईतील मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ यासारखे शब्द येतात. हेतू अगदी व्यावहारिक होता. शिक्क्याच्या खाली कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती खोटी ठरे. लांब पत्रासाठी कागदाचे तुकडे जोडावे लागत, तेव्हा सांध्यांवरही शिक्के उठवीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. राजाची सत्ता माथ्यावरच्या मुद्रेत होती खरी. पण त्या सत्तेची विश्वासार्हता तळाच्या शिक्क्यात होती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो आणि त्यातला अर्धा भाग मर्यादेचा आहे हे विसरतो.

हीच मर्यादा सामान्य माणसाच्या वाट्याला आली नाही तेव्हा काय झाले, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. या दंग्यांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही की शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराकडे जाऊन त्यांनी खते व रोखे मागितले आणि जाळले. जेथे कागद मिळाले तेथे मारहाण क्वचितच झाली. ज्या कुणब्याला अक्षरओळख नव्हती त्याच्यापुरता तो भरलेला कागदही कोराच होता. त्याने अंगठा किंवा नांगराची निशाणी केली ती पांढऱ्या कागदावरच. वर काय आहे ते त्याला कोर्टात कळे. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर झाला पाहिजे, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे आत काय लिहिले आहे हे कळल्यावाचून सही होऊ नये. तळाच्या शिक्क्याचेच ते नवे रूप म्हणता येईल.

आपल्या व्यापारी कायद्यातही याचा एक चमत्कारिक पडसाद आहे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याचे २० वे कलम सांगते की कोणी मुद्रांकित कागदावर सही करून तो कोरा किंवा अपुरा दुसऱ्याच्या हाती दिला, तर घेणाराला तो पुरा करण्याचा अधिकार सकृद्दर्शनी मिळतो आणि सही करणारा त्याने बांधला जातो. पण रक्कम कितीही भरता येत नाही. त्या मुद्रांकाच्या मूल्याला जेवढी पुरेल तेवढीच. सही करणाराने मर्यादा घातली नाही, तर निदान तिकिटाने तरी ती घालावी, असा हा न्याय. धनादेशाला मात्र तिकीट लागत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की स्वखुषीने सही करून दिलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला, एवढ्यामुळे सही करणारा सुटत नाही. देणे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. ते वाचताना मला माझी १९ कपाटे आठवली.

मग कोणावर विश्वासच टाकू नये काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. हाताखालच्या माणसाला मोकळीक दिल्यावाचून कोणतेही मोठे काम उभे राहत नाही, आणि आपण परमुलखात नोकऱ्या करणारी माणसे तर सहकाऱ्यांच्या भरवशावरच दिवस काढतो. पण मोकळीक आणि कोरेपणा या दोन वस्तू आहेत. काय करावयाचे, कोठवर करावयाचे, केव्हा परत येऊन सांगावयाचे, एवढे लिहून दिलेली मोकळीक ही सैल लगामासारखी असते. तीत घोड्याचाही मान राहतो आणि स्वाराचेही भान. या तीन गोष्टी न लिहिता दिलेली मोकळीक दिसायला अधिक उदार दिसते. प्रत्यक्षात देणाराला विचार करण्याचे श्रम टाळावयाचे असतात आणि त्या आळसालाच तो विश्वास हे नाव देतो. कैसरने त्या दुपारी ऑस्ट्रियावर विश्वास टाकला असे म्हणण्यापेक्षा त्याने विचार करण्याचे काम ऑस्ट्रियावर टाकले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. माझ्या चार सह्यांविषयीही मला दुसरे काही म्हणता येत नाही.

ताकीद मिळाल्यावर मी घरी पत्र लिहिले होते. माझे वडील तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी उत्तरात उपदेश केला नाही. आपल्या जुन्या सवयी तेवढ्या कळविल्या. रकान्यात लिहिण्यासारखे काही नसले तरी तो रिकामा सोडू नये, ‘निरंक’ लिहावे. अक्षरी रक्कम लिहिली की पुढे ‘फक्त’ लिहावे आणि उरलेल्या जागेत रेघ ओढावी. तीस वर्षे त्यांनी एवढेच केले आणि तीस वर्षे त्यांना स्वस्थ झोप लागली, असे त्यांनी लिहिले होते. येथे हिंदी मुलखात त्या ‘फक्त’च्या जागी ‘मात्र’ लिहितात, अर्थ एकच. त्या शब्दाकडे मी पूर्वी निव्वळ रूढी म्हणून पाहत असे. आता धनादेशावर तो लिहिताना मला जुन्या पत्रांच्या तळाशी उमटलेला तो लहान शिक्का आठवतो.

त्यानंतर दोनदा माझ्यापुढे कोरे नमुने आले. दोन्ही वेळा मी ते आदराने परत केले आणि आकडे भरून आल्यावर, कपाटे मोजून, सही केली. त्यामुळे काम एक दिवस लांबले. कोणी रागावले नाही.